माहेरचे पाणी

मराठीच्या प्राध्यापकाचा होडीशी संबंध येतो तो बहुधा भवसागरापुरता. त्या होडीला वल्ही लागत नाहीत आणि ती उलटली तरी धोतर भिजत नाही. म्हणूनच एका दुष्काळी उन्हाळ्यात उजनीच्या जलाशयात, अरुंद डुगडुगत्या होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून मी बसलो होतो, तेव्हा समोर बसलेल्या माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईला हसू आवरत नव्हते.

याचे मूळ खडकीत आहे. वडील इथल्या दारूगोळा कारखान्यात होते. आई १९७० साली लग्न होऊन खडकीला आली, ती इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवहून. पुढे भीमेवर उजनीचे धरण झाले. १९८० साली ते पुरे झाले आणि भीमाकाठची कितीतरी गावे त्याच्या पोटात गेली. त्यांत पळसदेवही गेले. नवे गाव सोलापूरच्या रस्त्यावर वसले. पण मामा पोटापाण्यासाठी मुंबईला गेले आणि आईला माहेर म्हणून काही उरले नाही.

लहानपणी मी निर्माल्याची पिशवी घेऊन मुळेकडे निघालो, की ती माझा हात धरी. “अरे, हे पाणी माझ्या माहेरी जातं!”

मला ती थट्टा वाटे. पुढे नकाशा पाहिला तेव्हा कळले. पवनेला पोटात घेऊन मुळा खडकीवरून जाते, संगमावर तिला मुठा भेटते, दौंडच्या अलीकडे दोघी भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत शिरते. आई आपली साधा भूगोल सांगत होती!

त्या उन्हाळ्यात बातमी आली, की पाणी उतरून पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडले आहे. आईने खणा-नारळाची पिशवी भरली.

होडीवाल्याने सुरुवातीला तिला “आजी, जपून” म्हटले. ती कोणाची कोण हे कळल्यावर मात्र तो म्हणाला, “मग तुम्ही आमच्या आत्या लागता की!” एवढ्या एका शब्दावर आईचा चेहरा असा उजळला, की मला माझ्या सगळ्या पदव्या फिक्या वाटल्या.

देऊळ बेटासारखे वर आले होते. दगडी अंग, वर विटांचे शिखर, भोवती वीरगळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर थिजून दख्खनचा हा काळा खडक झाला. आगीतून जन्मलेला तो पाषाण इतकी वर्षे पाण्यात बुडूनही टिकून होता. आईने गाभाऱ्याच्या उंबऱ्याला हात लावला. देव केव्हाच नव्या गावात गेला होता. तरी तिने तिथेच नारळ ठेवला.

परतताना ती एकदम म्हणाली, “थांबव रे बाळा.”

चहूकडे नुसते पाणी. तिने देवळाच्या शिखराकडे पाहून काही अदमास घेतला आणि खाली बोट दाखवले. “इथं आमचं घर होतं.”

होडीवाल्याने वल्ही वर घेतली. कुणीच बोलले नाही. आता ती रडणार, असे वाटून मी शब्द शोधू लागलो. आईने ओणवे होऊन ओंजळभर पाणी घेतले, हिरवे, शेवाळलेले. नाकाशी नेले आणि शांतपणे म्हणाली, “याला आपल्या खडकीचा वास येतो.”

“पुण्याचंच सांडपाणी की, आत्या,” होडीवाला म्हणाला. “आम्ही काय, आलेलं घेतो.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच मला मान वर करवेना. उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, हे मी निघताना मोठ्या ऐटीत आईला सांगितले होते. त्यात आमच्या मोरीचे किती, हा हिशेब मात्र कधी केला नव्हता. धरणाने तिचे घर घेतले, त्यामुळे सोलापूरकडची शेते भिजली. त्याला काही अर्थ तरी होता. पण घर गेलेल्या त्या जागेवर गेली चाळीस वर्षे आम्ही, तिच्याच सासरची माणसे, आपली घाण पाठवीत होतो!

दिवाळीत लेक माहेरी जाते. आई आता कुठे जात नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती मुळेच्या काठाशी घटकाभर उभी राहते आणि मी तिच्यामागे. आमच्या घरचे निर्माल्य हल्ली अंगणातल्या खड्ड्यात जाते. मोरीचे पाणी मात्र अजून तिकडेच जाते. कुठल्या नळातून आणि कुठे गाळून, ते विचारायला मी दोनदा कचेरीत जाऊन आलो आहे. तिसऱ्यांदाही जाईन. आईच्या माहेरचे काम आहे.