पुढच्या सीटवरचा माणूस

पुण्यात नवी गाडी घेतलेला माणूस सीटवरचं प्लास्टिक ठेवतो आणि ॲडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, बंद करतो. त्याचंही काही चुकत नाही. लक्ष्मी रोडला डावीकडून रिक्षा, उजवीकडून स्कूटर, मधूनच नुसता हात दाखवून रस्ता ओलांडणाऱ्या आजी. रस्त्यावरचे पट्टे असले तर असले. गाडीने या सगळ्यांची दखल घ्यायची म्हटली तर ती सारखी केकाटणार, आणि एखादा बाइकवाला समोर घुसला की आपणहून असा ब्रेक मारणार की मागचाच येऊन आदळायचा. "ही बया फार घाबरट आहे," असं म्हणून आमच्या दाजींनी पहिल्या आठवड्यातच सगळी बटणं बंद केली होती.

तेच दाजी समृद्धी महामार्गावर चढले की वेगळे होतात. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, वेगमर्यादा १२०; मध्ये ना गाव, ना सिग्नल, ना म्हैस. गाडी पुढच्या ट्रकपासून अंतर राखते, वळण आलं की स्टिअरिंग आपलं आपण बोटभर फिरतं. सुरुवातीला दाजींचे दोन्ही हात चाकाला घट्ट. मग एक हात मांडीवर. मग सीट जरा मागे. पुढे तर ते माझ्याकडे अख्खं तोंड वळवून प्लॉटच्या व्यवहाराची हकीकत सांगू लागले. समोर पडद्यावर 'हात स्टिअरिंगवर ठेवा' अशी सूचना आली की वाक्य न तोडता चाकाला एक हलका हिसका द्यायचे. सूचना गायब, प्लॉट पुन्हा सुरू.

गाडी तीच, माणूसही तोच. शहरात ती खरोखर उपयोगी पडू शकते तिथे ती नकोशी, आणि मोकळ्या रस्त्यावर तिच्यावर भरवसा. यंत्राला आपण गुणदोषांवरून कुठे जोखतो? त्रास देतं की नाही, एवढंच बघतो.

तो हिसका पुरतो, कारण अशा बऱ्याच गाड्यांना हात दिसत नाही. त्यांना कळतो तो फक्त चाकाला बसणारा किंचित पीळ. अमेरिकेत लोकांनी यावर तोडगा काढला. चाकाला अडकवायचं वजनच बाजारात आलं, म्हणजे गाडीला वाटावं की हात आहे. २०१८मध्ये तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने त्याची विक्री थांबवायला लावली. आपल्याच जिवाच्या पहारेकऱ्याला चकवायला पैसे मोजायचे, याला काय म्हणावं!

पण निव्वळ मूर्खपणा म्हणून हे झटकता येत नाही. ७ मे २०१६ रोजी फ्लोरिडातल्या विलिस्टनजवळ ऑटोपायलटवर धावणारी एक टेस्ला आडव्या आलेल्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक गेला. ब्रेक गाडीनेही लावला नाही, त्यानेही नाही. चौकशीत दिसलं की ऑटोपायलट चालू असलेल्या ३७ मिनिटांत चाकावर हात जाणवला तो अवघे २५ सेकंद. मला मात्र दुसरीच गोष्ट अस्वस्थ करते. महिनाभर आधी त्याच माणसाने, आपल्याला एका ट्रकपासून या गाडीने कसं वाचवलं, याचा व्हिडिओ कौतुकाने टाकला होता. म्हणजे भरवसा हवेतून आलेला नव्हता. गाडीने तो कमावला होता.

नुसतं बघत राहणं माणसाला जमत नाही, हे तर फार जुनं दुखणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांमधून रडारवर पाणबुड्या शोधणारी पोरं खुणा हुकवू लागली, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ केलं. तबकडीवर एकच काटा, एकेका टप्प्याने सरकणारा. क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारणारा. ती उडी दिसली की कळ दाबायची. दोन तास हेच. पहिल्या अर्ध्या तासातच हुकणं वाढलं. पुढे १९८३मध्ये लिझान बेनब्रिज यांनी कारखान्यांतल्या नियंत्रण-कक्षांबद्दल लिहिताना नेमकं बोट ठेवलं: सोपं काम यंत्राला दिलं, अवघड प्रसंग माणसावर सोडला, आणि रोजचा हातच काढून घेतल्याने त्या प्रसंगासाठी लागणारा सरावही घालवला. म्हणून मला सारखी चुकणारी गाडी परवडते. हजारात एकदा चुकणारी जास्त घातक, कारण त्या एका वेळेपर्यंत आपण प्लॉटच्या सात-बाऱ्यात पोचलेलो असतो.

जर्मनीत २०२१च्या अखेरीस मर्सिडीजच्या एका प्रणालीला मंजुरी मिळाली. महामार्गावरच्या गर्दीत, तेव्हा ताशी ६० किलोमीटरपर्यंत, चालकाने खुशाल दुसरीकडे बघावं. गाडीने बोलावलं की दहा सेकंदांत ताबा घ्यावा. वेग गोगलगाईचा होता, पण निदान 'चालवते मी, लक्ष ठेव तू' असा दुटप्पीपणा त्यात नव्हता.

आपल्याकडे रात्रीच्या प्रवासाचा अलिखित नियम आहे: पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही. त्याने बोलत राहायचं, पाण्याची बाटली उघडून द्यायची, खोटंखोटं विचारायचं, "टोल आला का रे?" आमच्या आत्याला गाडी चालवता येत नाही, पण दाजींच्या मानेचा कोन जरा बदलला की तिला मागूनसुद्धा कळतं. आता हे काम गाडीही करू बघते. चालवण्यातली सुस्ती ओळखते आणि पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र दाखवते, म्हणजे थांबा, चहा घ्या. समृद्धी नवी होती तेव्हा ते चित्र बघून दाजी भडकले होते. "चहा घे म्हणते! अगं, पण टपरी कुठंय?" आत्याने मागून आलेपाकाची वडी पुढे केली.