माळवी मराठीची कोण लागते?

देवास जिल्ह्यातील पीपलरावां येथे जी माळवी बोलली जाते ती मराठीची कोण लागते, असे माळव्यातील मराठी मंडळी आम्हांस अधूनमधून विचारतात. बहीण, चुलतबहीण, की नुसती शेजारीण? 'कोण लागते' हा प्रश्न वकिलाच्या परिचयाचाच. वारसाच्या दाव्यात दुसरे असते काय? आता मात्र हेच काम जीवशास्त्रज्ञांची, आणि त्यांच्या पाठोपाठ भाषाशास्त्रज्ञांची सॉफ्टवेअरे करू लागली आहेत.

'आर' या संगणकभाषेतील 'एप' आणि 'फॅनगॉर्न' ही साधने घ्या. उत्क्रांतीचा वृक्ष त्यांच्या पोटात चित्ररूपाने नसतो. असते ती दोन स्तंभांची कोरडी यादी : डावीकडे जनक, उजवीकडे अपत्य. उदाहरण माळव्यातलेच घेऊ. देवासचे तुकोजी व जिवाजी पवार हे काळोजींचे पुत्र, धारचे उदाजी व आनंदराव हे संभाजींचे, आणि काळोजी-संभाजी हे बुबाजींचे. (इतर भावंडे तूर्त बाजूस ठेवू, न्यायालयात तसे करता येत नाही.) 'एप'च्या रिवाजानुसार टोकाच्या चौघांना १ ते ४ क्रमांक, मुळाशी असलेल्या बुबाजींना ५, काळोजींना ६, संभाजींना ७. सहा ओळींत दोन संस्थानांचे घराणे मावले. जनक विचारला, की फलन यादी चाळून १ चा जनक ६ असे सांगते. भावंड विचारले, की ६ ची दुसरी ओळ शोधून २ देते. तुकोजी आणि उदाजी यांचा निकटतम सामाईक पूर्वज विचारला, तर दोघांपासून मुळाकडे चढत जाऊन वाटा जेथे प्रथम मिळतात तो ५ हाती येतो.

कायद्याची मोजणी मात्र निराळी. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १३ प्रमाणे पिढ्या मोजताना मृत व्यक्तीसही हिशेबात धरतात. त्या रीतीने तुकोजींपासून बुबाजींपर्यंत तीन पायऱ्या होतात. 'फॅनगॉर्न' स्वतःस वगळून दोनच पूर्वज दाखवते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. एकाची मोजणी दुसऱ्याच्या कागदावर उतरली, तर दावा बुडालाच.

भाषांच्या वृक्षात आजच्या सर्व बोलत्या भाषा टोकांवर असतात, आणि एक टोक दुसऱ्या टोकाचा पूर्वज कधीच नसते. 'कोकणी ही मराठीची कन्या' हे वाक्य आपल्या सभांत टाळ्या घेते. वृक्षास विचारले तर तो अशी ओळ दाखवणार नाही. आजची मराठीही एक टोकच आहे, मूळ नव्हे. हे आपल्यापैकी पुष्कळांना रुचणार नाही.

माळवीची अडचण वेगळी. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०८ च्या खंडात ती राजस्थानीत घातली; जनगणना तिला हिंदीखाली मोजते. यादीतील एक ओळ बदलली, की 'भावंडे कोण' याचे उत्तर बदलते. फलन खोटे बोलत नाही. ओळ कोणी लिहिली, हे मात्र ते सांगत नाही.

मराठी आणि कन्नड यांचे तर वृक्षच वेगळे. सामाईक पूर्वज विचारण्याची सोय नाही. तरी अक्का, अण्णा, अडकित्ता आमच्या घरात आहेतच. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत कन्नड घरात जन्मले, मुंबईत शिकले, देवासला स्थिरावले आणि तेथील माळवी लोकगीते त्यांनी आपल्या गायनात आणली. जनक-अपत्याच्या कोणत्या ओळीत हे बसवावे? अशा आडव्या जोडण्यांसाठी 'एप'मध्ये जाळ्याची स्वतंत्र रचना आहे, आणि सीमाभागाला आमच्या मते तीच अधिक लागू.

म्हणून सीमाप्रश्नाच्या कागदपत्रांत भाषेच्या वयाची आणि मातृत्वाची कलमे घालण्यास आमचा विरोध आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या हे आपले निकष. तिघांपैकी एकालाही वंशवृक्ष लागत नाही.

पीपलरावांविषयी विचारणाऱ्यांस एवढे सांगू : माळवी ही मराठीची इंडो-आर्य घरातील दूरची चुलतबहीण. तिचे घर राजस्थानी की हिंदी, हे गणक ठरवीत नाही. वर्गवारी नंतर होते. तो दारी येईल तेव्हा मातृभाषेपुढे 'माळवी' असे सांगण्याचा अधिकार तेथील रहिवाशांस आहे, आणि आपल्या तेथील मराठी घरांस 'मराठी' सांगण्याचा.