लाल खडकांच्या मुलुखातली एकखोली शाळा



"बाई, सुट्टीत कुठे गेला होतात?" हा प्रश्न जूनमध्ये आपल्या सगळ्यांनाच मुलं विचारतात. माझं उत्तर दरवर्षी 'माहेरी' एवढंच असायचं. या वेळी ते जरा लांबलं, म्हणून तुमच्यासाठीही लिहून काढतेय.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत असतो. भावजय बाळंतीण, म्हणून मे महिन्यात गेले. (ना-हरकत दाखला आणि व्हिसा यांची कथा वेगळ्या लेखाची आहे, ती सोडूया.) नंतर भावजयीची आई आल्या आणि माझे सहा दिवस मोकळे झाले. भावाला रजा नव्हती. तोच म्हणाला, "ताई, माझी गाडी घे आणि दक्षिणेकडचे पार्क बघून ये. तू आपल्या घाटात गाडी चालवतेस, तुला इथे काय अवघड?"

आंतरराष्ट्रीय परवाना मी निघतानाच आरटीओतून काढून ठेवला होता. गेले. एकटीच. सहा दिवस, सुमारे १४५० किलोमीटर आणि पाच राष्ट्रीय उद्यानं: आर्चेस, कॅन्यनलँड्स, कॅपिटल रीफ, ब्राइस कॅन्यन आणि झायन.

भीती वाटली का, असं प्रत्येकीने विचारलंय. वाटली. पण माणसांची नाही, माणसं नसण्याची. डावीकडचं स्टिअरिंग आणि उजवीकडून गाडी हाकणं दोन तासांत अंगवळणी पडतं. पण चाळीस-पन्नास किलोमीटर एक घर नाही, एक टपरी नाही, मोबाइलला रेंज नाही, हे आपल्याला सवयीचं नसतं. पेट्रोल अर्ध्यावर आलं की टाकी भरायची, दिवसाला चार लिटर पाणी गाडीत हवंच, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचा आणि मुक्कामाला पोचलं की भावाला कळवायचं, एवढे नियम मी पाळले. बारा नंबरच्या रस्त्यावर 'हॉगबॅक' नावाचा टप्पा आहे. अरुंद डोंगरधारेवरून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना दरी आणि कठडा नाही. आपल्या घाटात निदान एका बाजूला डोंगर असतो! तिथे मी मोठ्याने पाढे म्हणत गाडी चालवली. सतराचा संपेपर्यंत रस्ता रुंद झाला.

परिसर अभ्यास शिकवणाऱ्यांनी हा मुलुख एकदा तरी पाहावा. आपल्या सह्याद्रीचे थर लाव्हारसाचे. इथले वाळूचे, चिखलाचे. काही वाऱ्याने रचलेले, काही पाण्याने. आर्चेसमध्ये दोन हजारांहून जास्त नैसर्गिक दगडी कमानी आहेत. किमान ३ फुटांचं आरपार भोक असेल तरच ती 'कमान' म्हणून मोजतात. (माझ्या तिसरीच्या मुलांना हा नियम फार आवडला, फूटपट्टी घेऊन त्यांनी शाळेच्या कुंपणातली भोकं मोजली.) त्यातली 'वॉल आर्च' नावाची मोठी कमान २००८ साली एका रात्रीत कोसळली. म्हणजे घडणं आणि मोडणं अजून चालूच आहे.

ब्राइसला तर आपल्या धड्यातलं वाक्यच उभं आहे. ही जागा ८००० ते ९००० फुटांवर आहे. आपलं कळसूबाई साधारण ५४०० फूट. वर्षातल्या दीडशेहून जास्त रात्री खडकांच्या फटीतलं पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. गोठताना पाणी फुगतं, फट रुंदावते, तुकडा निखळतो. त्यातून ते हजारो लाल सुळके उरले आहेत. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली बाटली ठेवा, मुलांना लगेच पटेल.

झायन सुंदर, पण गर्दी फार. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय.

मला सांगायचंय ते कॅपिटल रीफबद्दल. तिथे नदीकाठी फ्रुटा नावाची वस्ती होती. उंच लाल कडे आणि खाली सफरचंद, जर्दाळू, चेरीच्या बागा. एका वेळी दहापेक्षा जास्त कुटुंबं तिथे क्वचितच असत. १८९६ साली त्या लोकांनी लाकडी ओंडक्यांची एकखोली शाळा बांधली. पहिली ते आठवी, सगळे वर्ग त्या एका खोलीत आणि शिक्षिका एक. पहिली शिक्षिका, नेटी बेहुनिन, शिकवू लागली तेव्हा बारा वर्षांची होती. शेतीची कामं संपली की शाळा भरायची आणि पेरणी आली की सुटायची. १९४१ साली पुरेशी मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली.

आत जाता येत नाही, काचेतून बघायचं. छोटी बाकं, शेगडी, फळा. लोक गाडी थांबवून दोन मिनिटांत फोटो काढून जात होते. मी तासभर बसले.

माझी शाळा पाटण तालुक्यातली, द्विशिक्षकी. पट चौदा. वीसच्या आतल्या शाळांची चर्चा निघाली की केंद्रातल्या बैठकीत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही. मूल आमच्याकडून कमी होत नाही हो. घरंच पुण्या-मुंबईला जातात. फ्रुटाचंही तेच झालं असेल का, हा विचार तिथे डोक्यातून जाईना. ती इमारत आता जपलेली आहे, रंगरंगोटीसह. मला मात्र पाटी-दप्तरासह शाळा हवी आहे.

एक गोष्ट आवर्जून घेण्यासारखी. तिथे प्रत्येक पार्कात मुलांना 'ज्युनिअर रेंजर' पुस्तिका देतात. बघा, मोजा, चित्र काढा, रेंजरला प्रश्न विचारा. पूर्ण केली की शपथ आणि बिल्ला. चौथीतल्या मुलांना तर घरच्या मंडळींसकट वर्षभर मोफत प्रवेश असतो. मी मोठी असूनही पुस्तिका मागितली, भरली आणि त्या रेंजरबाईंसमोर हात वर करून शपथ घेतली!

आता आमच्या ओढ्याची तशी पुस्तिका आम्ही केली आहे, आठ पानांची, झेरॉक्सवर. ओढ्यातले रांजणखळगे मोजा, पायवाटेवरच्या दगडांचे तीन प्रकार गोळा करा, आजीला विचारा की पूर्वी पाणी कुठवर यायचं. बिल्ले पुठ्ठ्याचे.

नेटीची गोष्ट सांगितल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ती बारा वर्षांची शिकवायची, मग मी दहाची आहे, पहिलीला नाही का शिकवू शकत?" सध्या शनिवारी परिपाठानंतर अर्धा तास पहिलीचं वाचन तीच घेते. तीन मुलं आहेत पहिलीत. आवाज माझ्यापेक्षा चढा आहे तिचा.