परातीतलं पॅकिंग

खंबाटकीच्या चढावर आम्ही उसाच्या ट्रकमागे अडकलो होतो. एसीच्या जाळीतून जळक्या तेलाचा वास आला आणि शेजारी डोळे मिटून बसलेली आई म्हणाली, "टॅपेट कव्हर."

आई ऐंशीला आली आहे. तिनं गाडी कधी चालवली नाही, चाक कधी बदललं नाही. पण तिला हा वास ओळखायला बॉनेट उघडावं लागत नाही. पेट्रोलचा वास नाकाला टोचतो, कूलंटचा गोडसर असतो, घासलेल्या क्लचचा कडवट. हा वास जाड असतो आणि तो गाडी हळू चालली की येतो. इंजिनाच्या माथ्यावर झाकण असतं. झाकण आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग म्हातारं झालं की तेल कडेनं पाझरायला लागतं, ओघळत एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतं आणि मॅनिफोल्ड तापलेलं असलं की जळतं. वेगात असताना वारा तो वास मागे नेतो. घाटात, सिग्नलला तो आत येतो.

पुण्याला पोचल्यावर इंजिन गार होऊ दिलं आणि बॉनेट उघडलं. आईचं बरोबर होतं. कव्हरच्या मागच्या कडेला तेल होतं, त्यावर धूळ बसून काळा थर झाला होता. त्याहून वाईट म्हणजे सगळ्या कडेनं काळं सिलिकॉन बाहेर आलेलं होतं. पूर्वी एका गॅरेजनं हे काम केलं होतं आणि 'नवीन पॅकिंग' असं बिलात लिहिलं होतं. पॅकिंग नवीन नव्हतंच. जुन्यावरच ट्यूब पिळली होती.

या ट्यूबवर माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. सिलिकॉनची जागा आहे. टायमिंग कव्हर जिथं हेडला मिळतं त्या दोन कोपऱ्यांत त्याचा एकेक ठिपका लागतो, बऱ्याच इंजिनांत कंपनीच तसं सांगते. पण सगळ्या कडेला थापलेलं सिलिकॉन जितकं बाहेर येतं तितकंच आतही जातं. आत गेलेल्या त्या शेवया कधीतरी तुटतात, तेलाबरोबर खाली चेंबरमध्ये उतरतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की तेल वर चढत नाही. शंभर-दोनशे रुपयांचं रबर वाचवायला माणसं इंजिनाचा घोट घेतात, हे मला बघवत नाही.

सावंतवाडीला आमच्याकडे फियाट होती. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण फियाट हे नाव कुणी सोडलं नाही. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गियरचा दांडा स्टिअरिंगजवळ, पुढे सलग बाक. बाबा कोर्टात वकिली करत आणि रविवारी गाडीखाली असत. गावात मेकॅनिक होते, पण बाबांच्या मते जे काम आपल्याला दिसतं ते आपण करावं. टॅपेट कव्हरचं काम दिसतं. गिअरबॉक्स, क्लच, पिस्टन ही सगळी अंधारातली कामं. कव्हर उचललं की मात्र रॉकर, त्यांचा शाफ्ट, स्प्रिंगा, सगळं तेलानं न्हालेलं समोर येतं. बाबा हँडल मारून इंजिन हातानं फिरवत आणि एकेक रॉकर खाली वाकून व्हॉल्व्ह दाबायचा, ते मी हनुवटी मडगार्डवर टेकून बघायची. इंजिन काय करतं ते मला तिथं कळलं. शाळेच्या पुस्तकातली आकृती नंतर आली.

फियाटचं पॅकिंग कॉर्कचं होतं. दुकानात टांगून राहिलेलं कॉर्क वाळतं, आक्रसतं आणि कव्हरवर ठेवलं की एका बाजूला बोटभर कमी पडतं. ओढलं तर तुटतं. म्हणून बाबा ते आदल्या रात्री पाण्यात भिजत घालत. ताट पुरत नसे, म्हणून परात. परातीतही ते तरंगायचं, म्हणून वर पितळी वाटी. शेजारच्या पातेल्यात मटकी भिजत असायची. "ह्या माझ्या परातीत कित्याक घातलात?" असं आई दर वेळी विचारी आणि दर वेळी परात तीच काढून देई.

मला जी रात्र आठवते ती पावसातली आहे. वीज गेली होती. दुसऱ्या दिवशी बांद्याहून आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, घेऊन बेळगावला मोठ्या दवाखान्यात जायचं होतं आणि आंबोलीचा घाट चढायचा होता. गाडी तेल टाकत होती. बाबांनी संध्याकाळीच कव्हर काढलं, हेडच्या तोंडात फडकं कोंबलं, बोथट पात्यानं जुन्या कॉर्कचे तुकडे खरवडले. एकही तुकडा आत पडू द्यायचा नाही, हे ते दर वेळी मोठ्यानं म्हणत. कव्हर पत्र्याचं. पूर्वी कुणीतरी नट जोरात आवळून त्याची कड वाकवली होती. ती त्यांनी पाट्यावर उलटी ठेवून हलक्या हातानं ठोकून सरळ केली. कड वाकडी असली तर कितीही चांगलं पॅकिंग घाला, नटापाशी दाबलं जातं आणि दोन नटांच्या मधून तेल वाट काढतं. मग ब्रीदरचा पाइप काढून त्यातून फुंकून बघितलं. तो तुंबला असेल तर इंजिनाच्या पोटातली वाफ अडते, दाब वाढतो आणि नवं पॅकिंगसुद्धा चार दिवसांत पाझरतं. हे करून ते झोपले.

कॉर्क म्हणजे झाडाची साल, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. ओकच्या जातीचं झाड, भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडे वाढतं. जगातल्या कॉर्कपैकी जवळजवळ निम्मं एकट्या पोर्तुगालमध्ये निघतं. झाड पंचवीस वर्षांचं झाल्याशिवाय पहिली साल काढत नाहीत आणि एकदा काढली की पुढची नऊ वर्षांनी. कुऱ्हाडीनं, हातानं, उन्हाळ्यात. कुठल्या साली सोललं तो आकडा बुंध्यावर रंगवून ठेवतात. झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं. 1665 साली रॉबर्ट हुकनं आपल्या 'मायक्रोग्राफिया'त याच सालीच्या पातळ कापाचं भिंगाखालचं चित्र छापलं. नुसत्या बंद खोल्या, हवेनं भरलेल्या. कॉर्कचा सगळा गुण त्या खोल्यांत आहे. रबर वरून दाबलं की बाजूला फुगतं. कॉर्क दाबलं की जागच्या जागी दबतं, बाजूला जवळपास सरकतच नाही. म्हणून उघड्या कडेवरसुद्धा ते बसून राहतं.

आमच्या घरात पोर्तुगाल हे नाव चांगल्या अर्थानं निघत नसे. आईचं माहेर बांद्याचं. 15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रही बांद्यावरून पत्रादेवीच्या हद्दीकडे गेले आणि सालाझारच्या हुकूमशाहीतल्या पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. आई तेव्हा लहान होती. मागे परतलेल्या माणसांना आजोबांनी ओटीवर बसवून पेज वाढली, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यातला एक जण द्रोण हातात धरून बसला होता आणि खात नव्हता, एवढंच ती सांगते. कॉर्क कुठून येतं ते मी तिला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ती चिडेल. ती म्हणाली, "ती झाडां काय सालाझारान लावलेली?"

गाडी मात्र मुंबईत घडलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून या फियाट बाहेर पडल्या. मुंबईत तिची टॅक्सी झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा पुरी झाल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात पेपरांत फोटोच फोटो आले, सगळे बाहेरून काढलेले. बॉनेट उघडं असलेला एकही माझ्या पाहण्यात आला नाही.

पावसातल्या त्या रात्री मी पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात कंदील होता आणि आई परातीशी बसली होती. वाटी बाजूला काढलेली. पॅकिंग बोटांच्या पेरांत धरून ती दाबून बघत होती, जसा आपण भात शिजला का ते बघतो. मी आले हे तिला कळलं, पण ती बोलली नाही. पॅकिंग उलटं करून तिनं पुन्हा पाण्यात सोडलं आणि वर वाटी ठेवली.

मी ही गोष्ट नेहमी बाबांची म्हणून सांगत आले, कारण पाना त्यांच्या हातात असायचा. पण पॅकिंग कव्हरला धरून ठेवायचं काम आईचं होतं. ओलं कॉर्क बसवताना सरकतं, कड सुटते, आणि नट लावून झाल्यावरच ते कळतं. म्हणून सकाळी आईनं शिवणाच्या डब्यातला रिळाचा पांढरा दोरा आणला आणि पॅकिंग जागोजाग कव्हरच्या कडेशी बांधलं. सुरगाठी, एका ओढीत सुटणाऱ्या. बाबांनी कव्हर तसंच उचलून हेडवर ठेवलं, नट बोटांनी लागतील तितके लावले, मग आईनं एकेक दोरा ओढून काढला. त्यानंतर पाना. तो बाबा दांडीच्या टोकाला धरत नसत. तोंडाजवळ, दोन बोटांच्या चिमटीत. "जोर लावू नको गो," असं मला सांगत, "घट आवळलंस तर पॅकिंग फुटतला." चिमटीत धरला की मनगटाला जोर लावताच येत नाही. आम्ही आंबोली चढलो. आजोबा पुढच्या बाकावर, आई त्यांना धरून. वास आला नाही. आजोबा नंतर दोन वर्षं जगले.

तिच्या मनात त्या रात्री काय होतं ते मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ती मटकीचं काहीतरी सांगेल. पण वडिलांना डोंगरापलीकडे न्यायचंय, बाहेर पाऊस आहे, आणि आपल्याला करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे ती परातीत आहे, हे मला आता दिसतं. माझ्या वयाच्या बायकांना कळेल मी काय म्हणतेय.

आताच्या गाडीचं काम मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं, आई खुर्ची टाकून बसली. प्लगवरच्या कॉइल काढल्या. प्लगच्या विहिरींत तेल उतरलेलं होतं. त्या नळ्यांभोवतीची गोल रबरंही बदलायची असतात, नुसतं बाहेरचं पॅकिंग बदलून भागत नाही. हेड अॅल्युमिनियमचं, म्हणून लोखंडी पातं न वापरता प्लॅस्टिकच्या खरवडणीनं सिलिकॉन काढलं. सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. नवं पॅकिंग रबराचं, कव्हरच्या खाचेत घट्ट बसणारं, त्याला दोरा लागत नाही. आईनं ते हातात घेतलं, पेरांत दाबून बघितलं आणि परत दिलं. बोल्ट मधून बाहेर, आडवे-तिडवे, दोन फेऱ्यांत आवळले. छोट्या गाड्यांत हे बोल्ट साधारण दहा न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात बघावा. टॉर्क रेंच होता तरी माझी बोटं आपोआप दांडीच्या तोंडाजवळ गेली.

पुण्यात नाना पेठेत अजून काही जण कॉर्कची आणि जॉइंट पेपरची शीट ठेवतात. भाग पुढ्यात घेऊन त्यावर शीट अंथरतात, गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत जातात आणि तुमच्या डोळ्यांदेखत पॅकिंग कापून देतात. जुन्या गाडीचं, पंपाचं, गिरणीच्या इंजिनाचं, कशाचंही. त्यांना लागतो तो फक्त नमुना. तेव्हा कुणाच्या घरी जुनी गाडी असेल आणि तिचं कव्हर उघडलं, तर निघालेलं पॅकिंग तुटकं असलं तरी कचऱ्यात टाकू नका. पुसून, कागदात सपाट गुंडाळून, वर गाडीचं नाव लिहून ठेवा.