अक्षता पडल्यानंतरची दोन पानं

नात्यात लग्न ठरलं की पत्रिका कुणी का छापेना, विधींची पुस्तिका माझ्याकडे येते. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, तेवढी पुरतात. पहिल्यावर नावं, दुसऱ्यावर मंगलाष्टकं. उरलेली दोन मी अक्षतांनंतरच्या विधींसाठी राखून ठेवते. शेवटचं ‘सावधान’ झालं की निम्मा मांडव पंगतीकडे वळतो, आणि लग्न तर अजून लागायचंच असतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम तेच सांगतं: जिथे सप्तपदीची रीत आहे, तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. तिसऱ्या पानाच्या माथ्यावर मी हेच छापते.

लिहायला घेण्याआधी गुरुजींना गाठायचं. शाखेप्रमाणे, घराण्याप्रमाणे क्रम बदलतो; ते सांगतील तोच खरा. नवरानवरीला एखादा विधी, बहुतेकदा कन्यादान, नको असेल तर तेही तेव्हाच बोलून घ्यावं. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक विवाहासाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधूवर स्वतः एकमेकांशी बोलतात. आपलं लग्न आपल्याला कळावं, हा आग्रह आपल्याकडे इतका जुना आहे.

मग एकेका विधीला दोन ओळी: काय दिसेल आणि कशासाठी. लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, त्या ती अग्नीत सोडते. पुढे ती दगडावर पाऊल ठेवते, या दगडासारखी स्थिर राहा म्हणून. कानपिळीबद्दल लिहावं लागत नाही, ती बघायला पोरं आपोआप गोळा होतात. सप्तपदीला मात्र अख्खं चौथं पान. तांदळाच्या सात राशी, सात पावलं: अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सख्य. प्रत्येकाला स्वतंत्र ओळ, मध्ये भरपूर मोकळी जागा. सातवी ओळ ठळक. संसाराची सगळी मागणी मागून झाल्यावर शेवटी मैत्री मागितली जाते, हे मला फार मोठं वाटतं.

वेळा छापायच्या नाहीत. मुहूर्ताची तेवढी द्यावी, बाकी होम आपल्या गतीने चालतो. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको, आजीआजोबांना चष्मा शोधायला लागू नये. छापखान्यात फॉन्ट बदलताना ‘वऱ्हाडी’मधला र हमखास मोडतो, म्हणून प्रूफ कागदावरच मागावं. जाड कागद तंतूंच्या दिशेनेच दुमडावा. आडवा दुमडला तर घडीवर शाई तडकते.

दारात अत्तर-गुलाबपाण्याबरोबर दिलेली पुस्तिका थेट पर्समध्ये जाते. म्हणून अक्षता वाटणाऱ्या मुलांच्याच हाती मी गठ्ठा देते. आणि होमाच्या बाजूला खुर्च्यांची एक रांग आधीच मांडून घेते. वाचून कळलं, तरी पावलं दिसायला हवीत.