आठ वाजून तीन मिनिटे

श्री सम्मेदशिखरजींच्या यात्रेसाठी मुंबईहून रांचीपर्यंत विमानाने जाण्याचे ठरले, तेव्हा तिकिटे, धर्मशाळा, डोली या साऱ्यांचा विचार आम्ही केला होता. एकच हिशेब राहिला. ८.४० च्या विमानाचे दार ८.१५ ला बंद होते, आणि जानेवारीच्या मध्यास मुंबईत सूर्योदय सव्वासातला होतो. त्यात नवकारसीची ४८ मिनिटे मिळविली की आठ वाजून तीन मिनिटे. मातोश्रींच्या न्याहारीला उरली बारा मिनिटे!

विमान कंपन्यांच्या यादीत जैन भोजनाला 'व्हीजेएमएल' अशी स्वतंत्र संज्ञा आहे. परंतु ते आगाऊ मागवावे लागते. मी मागविले नव्हते. चूक सर्वस्वी माझी.

दुसऱ्या टर्मिनलच्या छतातील रंगीत काचा पाहण्याजोग्या आहेत, पण त्या दिवशी माझे लक्ष घड्याळाकडेच होते. खाद्यपदार्थांच्या काउंटरवर गर्दी उसळली होती. पोह्यांत कांदा, सँडविचमध्ये बटाटा, सांबारात दोन्ही. इडली तेवढी निर्दोष दिसे. पण रात्रभर आंबवलेले पीठ मातोश्रींना चालत नाही. घरच्या डब्यात मेथीचे खाखरे होते, म्हणून निभावले.

चिंता निराळीच होती. मातोश्रींना मधुमेह आहे. आदल्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी चौविहार घेतल्यापासून पोटात पाण्याचा थेंबही नव्हता. म्हणजे जवळजवळ पावणेचौदा तास. साडेसातलाच त्यांचा चेहरा उतरलेला पाहून मी व्यापाऱ्याच्या बुद्धीने तोड काढली. म्हटले, "आई, रांचीत सूर्य चाळीस मिनिटे आधी उगवतो. तिथली नवकारसी केव्हाच झाली. आपण तिकडेच तर निघालो आहोत."

त्या शांतपणे म्हणाल्या, "निघालो आहोत, पोहोचलो नाही. पाय अजून मुंबईत आहेत ना?"

मी गप्प झालो. खरे सांगायचे तर मनातून रागावलोही होतो. आपल्याकडे प्रकृतीसाठी सवलत नाही असे थोडेच आहे! पण ती घ्यायची की नाही, हे मी कोण ठरविणार? पत्नीने तेवढ्यात चहाच्या काउंटरवरून बॉयलरचे उकळते पाणी आणले आणि दोन पेल्यांत वरखाली करून निवविले. मुलीला बोर्डिंग पास देऊन रांगेत उभे केले.

आठला तीन मिनिटे असताना रांग हलू लागली. मातोश्री जागच्या हलल्या नाहीत. आठ वाजून तीन मिनिटे झाली, तेव्हा त्यांनी मूठ मिटली, तीन नवकार म्हटले आणि पच्चक्खाण पारले. आधी पाणी, मग गोळी, मग खाखरा. मी दर मिनिटाला घड्याळ पाहत होतो. त्या मात्र घरच्या पाटावर बसल्यासारख्या सावकाश चावत होत्या. तिसरा खाखरा अर्धा मोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. सकाळपासून मीही काही खाल्ले नव्हते, हे मला तेव्हा आठवले.

८.१२ ला मुलगी दुरून हात हलवू लागली. मी डबा उचलणार, तोच मातोश्रींनी तो अडविला. तळाशी राहिलेल्या चुऱ्यावर पेल्यातले उरलेले पाणी ओतले, डबा बोटाने फिरवून धुतला आणि ते पाणी पिऊन टाकले. टेबल पुसणारा मुलगा फडके हातात धरून पाहतच राहिला.

"चला," त्या म्हणाल्या.