माळ्यावरच्या वह्या

मंगरुळपीरला अब्बांनी १९८४ साली दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज टाकले. राजदूत, लुना, एम-८० अशा गाड्या तेव्हा खेड्यापाड्यांतून येत. पेट्रोलवरच्या त्या गाड्या बनणे केव्हाच बंद झाले. त्यांचे सुटे भाग मात्र आमच्याकडे पोत्यांतून पडून राहिले. अब्बा काही फेकत नसत. "काम आयेंगा," एवढेच म्हणत.

अब्बा गेले आणि पोती आमच्या वाट्याला आली. गाडी उभी करायला जागा उरेना. शेवटी आम्ही दोघा भावांनी माळा करायचे ठरवले.

आमचा पहिला बेत अडाण्याचाच होता. पत्र्याखालच्या कैच्यांना साखळ्या बांधून फळ्या टांगायच्या. वेल्डिंगवाले मिस्त्री हसले. "भाऊ, कैची पत्र्याचं वझं धरते, तुमच्या इंजिनाचं नाही. वावधन सुटलं की सारंच खाली येईन."

माळ्याचा भार भिंतीवर उतरला पाहिजे, हे त्यांनी आम्हांला समजावले. गाळा १० फूट रुंद. आठ फुटांवर चार इंची लोखंडी चॅनेल टाकले, दोन्ही टोके नऊ इंची भिंतीत सहा इंच आत. टोकांखाली काँक्रीटचे ठोकळे बसवले, म्हणजे भार एकाच विटेवर न येता पसरतो. वर दोन-दोन फुटांवर अँगल, त्यावर फळ्या आणि काही घरंगळू नये म्हणून पुढच्या कडेला तीन इंची पट्टी. जड सामान भिंतीलगत, हलके मध्ये. कारण चॅनेल वाकते ते मध्यावर. ट्यूब, ऑइल सील खालीच ठेवले. पत्र्याखालच्या वऱ्हाडी उन्हाळ्यात रबर तडकते. पेट्रोल तर वर न्यायचेच नाही.

पोती चढवताना तळाशी पत्र्याची पेटी निघाली. आत उधारीच्या वह्या. घरात आमची बोली दखनी, पण अब्बांचा हिशेब मराठीत. १ जुलै १९९८ला वाशीम जिल्हा झाला, तेव्हा वहीवरचे 'जि. अकोला' खोडून त्यांनी 'जि. वाशीम' केलेले. २००५-०६ची पाने सर्वांत भरलेली. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीमही होता. त्या दिवसांत कास्तकार प्लग, क्लच प्लेट उधार नेत होते.

आम्ही बेरीज केली. ३८,४६० रुपये. माळ्याचा खर्च निघून वर उरले असते. आमच्यातला धाकटा नावांची यादी करू लागला. अम्मी म्हणाली, "तुमारे अब्बा ने जीते जी मांगे नै. तुम कायकू मांगते?"

कुराणातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातली २८२वी, उधारी लिहून ठेवण्याविषयी आहे. तिच्या दोनच आयती आधी अडचणीतल्या कर्जदाराला सवलत द्या, माफ केले तर अधिक चांगले, असा उपदेश आहे. अब्बांनी दोन्ही पाळले होते. आम्हीही माफ करायचे ठरवले. मन मोठे झाल्यासारखे वाटले.

तेवढ्यात अम्मीनेच विचारले, "आपा को पूछे क्या?"

बरोबर होते. येणे हीसुद्धा मयताची मालमत्ता. तीत मुलीचाही वाटा. रिसोडला आपांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतले, आपला वाटा माफ केला. मग शांतपणे म्हणाल्या, "उधारीचं विचारलंत, बरं केलंत. गॅरेजचं कधी विचारलं नाही."

आम्हांला बोलता येईना. शेतमाल, घर, दुकान आले की बहीण आठवत नाही. माफी देताना मात्र तिची सही हवी! तलाक आणि शिक्षणावर सभांत बोलणारे आम्हीच.

त्या रात्री कोरी वही घेतली. कर्ज, दफनाचा खर्च वजा जाता मालमत्तेचे ४० भाग : अम्मीचे ५, आम्हा दोघांचे १४-१४, आपांचे ७. गॅरेजची किंमत बाहेरच्या माणसाकडून ठरवून घेतली. आपांचे पैसे हप्त्याने द्यायचे ठरले. पहिला हप्ता गेला आहे.

अब्बांच्या वह्या पेटीत घालून माळ्यावर, भिंतीलगत ठेवल्या. वजनाने जड नाहीत, तरीही. नवी वही खाली, टेबलावर असते.